रकानेबाईंचा जादा रकाना

आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर आमचा नमुने विभाग होता. विभाग म्हणजे चार टेबलं, दोन लोखंडी कपाटं आणि वाहनतळाकडे उघडणारी एक खिडकी. सगळ्या सरकारी दवाखान्यांत आणि शाळांत आरोग्याचा म्हणून जो जो फॉर्म भरला जायचा, तो आधी आमच्याकडे आखला जायचा आणि मग छापखान्यात जायचा. आखायचं काम ज्या बाई करायच्या, त्यांना सगळी कचेरी रकानेबाई म्हणायची. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. एकदा पगारपत्रकावरसुद्धा तसंच छापून आलं. बाईंनी ते दुरुस्त करून घेतलं, पण रागावल्या नाहीत.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसलो. बाई बाविसाव्या वर्षी टंकलेखक म्हणून लागल्या आणि तिथेच पिकल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहून गेलं," आणि पट्टी उचलायच्या. धाकटी बहीण, मेव्हणे आणि नऊ वर्षांची भाची यांच्यासोबत त्या राहत. बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि घरात कोण कुणाला जास्त शिकवतं यावरून दोघींची रोज जुंपायची.

कामात मात्र बाईंचा हात धरणारा कुणी नव्हता. लसीकरणाच्या कार्डावर पुढच्या लशीची तारीख आतल्या पानावर असायची. त्यांनी ती बाहेरच्या पानावर आणली, एवढंच. वर्षभरात दुसऱ्या लशीला येणाऱ्या बाळांची संख्या वाढली. श्रेय कुणाला मिळालं ते सोडा. बाईंचं म्हणणं साधं होतं. रकाना रुंद ठेवला की माणूस लिहितो, अरुंद ठेवला की सही ठोकून मोकळा होतो.

त्या निवृत्त व्हायला सहा वर्षं उरली होती तेव्हा खात्याने मुलांच्या मनाच्या आरोग्याचं नवं धोरण आणलं. नऊ ते चौदा वयाच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वीस प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून गुण काढायचे आणि ज्यांचे गुण ठरावीक आकड्याच्या वर जातील त्यांना मोठ्या इस्पितळातल्या बालमन कक्षाकडे पाठवायचं. मुलाचं नाव फॉर्मवर नसणार, फक्त क्रमांक. क्रमांक कुणाचा, हे शाळेला ठाऊक. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. प्रश्न तज्ज्ञांच्या समितीने तयार केले आणि आखणीसाठी आमच्याकडे आले.

बाईंनी ते वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि घरी नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्या सरळ साहेबांच्या खोलीत. फाइल घेऊन मीही मागोमाग गेलो होतो, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"साहेब, हे प्रश्न मुलांना कळणार नाहीत."

साहेब सज्जन होते, पण त्यांच्या डोक्यावर नेहमी कसली तरी मुदत असायची. "बाई, प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनी केलेत. आपण रकाने पाडायचे."

"काल भाचीला विचारले मी. 'तुला शाळेत जावंसं वाटत नाही का?' ती म्हणाली, 'हो.' मी म्हटलं, 'हो म्हणजे वाटतं की वाटत नाही?' ती म्हणाली, 'हो म्हणजे हो.'"

साहेबांनी चष्मा काढला.

"'अस्वस्थ वाटतं का', तर म्हणे, 'मागच्या महिन्यात ताप होता तेव्हा.' आणि सोळावा प्रश्न आहे ना, इतरांना ऐकू न येणारे आवाज तुला ऐकू येतात का. त्यावर म्हणाली, 'खूप. शेजारच्या आजींना काहीच ऐकू येत नाही, मला सगळं येतं.' या एका उत्तराला चार गुण आहेत, साहेब. आमची पोर थेट इस्पितळात."

साहेब हसले, पण लगेच सावरले. "एका मुलीवरून धोरण बदलत नसतं."

"मग एकतीस मुलांवरून सांगते," असं म्हणून बाईंनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज पुढे केला.

बहिणीच्या शाळेत त्या दोन दिवस बसल्या. परत आल्या त्या सहा पानांचं टिपण घेऊन. कुठला शब्द किती मुलांना कळला नाही, 'नाही का'ने संपणाऱ्या सात प्रश्नांना मुलांनी काय अर्थाने 'हो' म्हटलं, सगळं ओळीने लिहिलेलं. साहेबांनी ते न वाचताच समितीवरच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बला टळावी, एवढाच त्यांचा हेतू असणार. डॉक्टरीणबाईंचा चौथ्या दिवशी फोन आला. "हे टिपण लिहिलंय कुणी? त्यांना माझ्याकडे पाठवा."

या डॉक्टरीणबाई म्हणजेच बालमन कक्ष. इस्पितळात क्ष-किरण विभागाच्या मागे एक खोली, तिच्यात ठेंगण्या खुर्च्या आणि भिंतीला कुणी तरी काढलेला निळा हत्ती. कक्ष मंगळवारी आणि शुक्रवारी उघडा. मानसतज्ज्ञाची एक जागा मंजूर होती, ती तीन वर्षं रिकामी. बाई सहा दुपारी तिथे गेल्या आणि दोघींनी मिळून वीसच्या वीस प्रश्न नव्याने लिहिले. 'निराशा' गेली आणि 'रडू येतं का' आलं. 'निद्रानाश' गेला आणि 'रात्री मध्येच जागा होतोस का, जागी होतेस का' आलं. शेवटी बाईंच्या आग्रहावरून चार ओळींची मोकळी जागा ठेवली. वर लिहिलं, 'आणखी काही सांगायचं असेल तर इथे लिही.'

पहिल्या वर्षी एका जिल्ह्यात अडतीस हजार फॉर्म भरले गेले. वर्तमानपत्रात फोटो आला. अहवालात 'तपासणी पूर्ण, चौऱ्याण्णव टक्के' असं वाक्य ठळक अक्षरांत होतं. भरलेले फॉर्म गठ्ठे बांधून आमच्याकडे आले, कारण छपाईत काही चूक राहिली का ते बघायचं काम आमचंच होतं. त्यासाठी शंभर फॉर्म चाळले तरी पुरतं. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत गठ्ठा सोडून बसायच्या. डबा एका बाजूला, फॉर्म दुसऱ्या बाजूला.

मोकळ्या जागेत बहुतेक मुलांनी 'नाही' लिहिलं होतं. कुणी फुलं काढली होती, कुणी गणिताच्या सरांची तक्रार केली होती. एकाने लिहिलं होतं, 'प्रश्न संपले का?' एका दुपारी बाईंनी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. वय अकरा, मुलगी. गुण मर्यादेच्या बरेच वर. मोकळ्या जागेत बारीक अक्षरात एकच ओळ होती : 'हे कोण वाचतं?'

"कोण वाचतं हो?" बाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "शाळा गुण मोजते, जिल्हा यादी करतो, यादी इस्पितळात जाते आणि फॉर्म आपल्याकडे येतात."

"म्हणजे ही ओळ वाचली कुणी?"

वाचली होती ती फक्त आम्ही दोघांनी.

त्या शुक्रवारी बाई इस्पितळात गेल्या आणि यादीचं काय झालं म्हणून विचारलं. डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडून दाखवलं. नऊशे चार मुलांची यादी. "आठवड्याला सोळा मुलं बघते मी," त्या म्हणाल्या. "त्यात फिट येणारी, न बोलणारी, पोलिसांनी आणलेली सगळी आली. नव्या मुलाचा नंबर चौदा महिन्यांनी लागतो. दहा वर्षांचं मूल माझ्यापर्यंत पोचतं तेव्हा अकरा पूर्ण झालेली असतात. आधी विचारायचं आणि मग काहीच करायचं नाही, याच्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं मी समितीत म्हटलं होतं. इतिवृत्तात ते आलं नाही."

बाईंनी पुढे जे केलं ते नियमाला धरून नव्हतं. त्यांनी त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं. पत्र तीन ओळींचं होतं. अमुक क्रमांकाच्या मुलीने विचारलं आहे की हे कोण वाचतं. तिला सांगावं की कचेरीतल्या एका बाईंनी वाचलं. आणि तिला काही सांगायचं असल्यास शाळेतल्या कुणी तरी ऐकून घ्यावं. खाली सही आणि विभागाचा शिक्का.

आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. नमुने विभागाला शाळांशी पत्रव्यवहाराचा अधिकार कुणी दिला, अशी विचारणा वरून आली. आणि मुलीचे वडील कचेरीत येऊन उभे राहिले.

ते बसचालक होते. खाकी शर्ट, हातात टोपी, पाळी संपवून थेट आलेले. आवाज चढवला नाही, पण टोपी पिळत होते.

"माझ्या मुलीचा कागद इथे आलाय, शाळेत कळलं."

"बसा आधी," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. आमच्या घरात कुणी वेडं नाही, बाई. आई गेली तिची मागच्या वर्षी. पण मुलगी व्यवस्थित आहे. अभ्यास करते, घर बघते. एका शब्दाने त्रास देत नाही. तिचं नाव इस्पितळाच्या यादीत कसं गेलं?"

"नाव नाही, क्रमांक गेला. आणि वेडं कुणी म्हटलेलं नाही."

"मग कागद दाखवा मला."

बाईंनी मान हलवली. "तो तिचा आहे. तिने तुम्हाला नाही लिहिलं."

"मग काय तुम्हाला लिहिलं?"

"मलाही नाही. कोण वाचतं हेच तिला माहीत नव्हतं."

बसचालक खुर्चीवर बसले. मी पाण्याचा ग्लास ठेवला, त्यांनी हात लावला नाही. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "ती झोपते किती वाजता?"

"नऊला."

"आणि उठते?"

"माझी पहिली गाडी असते. साडेचारला निघतो मी. आतून कडी लावायला उठावं लागतं तिला. मग पुन्हा झोपते."

"झोपते? तुम्ही बघितलंय?"

साडेचारला निघालेला माणूस ते कसं बघणार. शेवटी म्हणाले, "विचारतो," आणि टोपी घालून गेले. जिना उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत होता.

बाईंच्या पत्राची तक्रार वर मुख्याध्यापिकांनीच केली होती, पण त्या तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी मुलीला बोलावून बाईंचा निरोप दिला होता. मुलगी म्हणाली, "बरं." दोन दिवसांनी ती आपणहून वर्गशिक्षिकेकडे गेली आणि बोलली. कडी लावल्यावर ती झोपत नसे. दाराकडे तोंड करून भिंतीला टेकून बसे, ती शाळेची वेळ होईपर्यंत. आई गेली त्या दिवशीही वडील पहिल्या गाडीवर होते आणि घरात ती एकटीच आईजवळ होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. वडिलांना वाटे, विषय काढला तर पोर रडेल. पोरीला वाटे, विषय काढला तर वडील रडतील.

वर्गशिक्षिकेने डॉक्टरीणबाईंना फोन केला. डॉक्टरीणबाईंनी मुलीला न बघता आधी आगाराच्या प्रमुखांना पत्र दिलं, की या चालकाची पाळी दहाच्या गाडीवर करावी. प्रमुखांनी कुरकुर केली, मग पाळी बदलली. मुलीला त्यांनी पुढे चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी म्हणाल्या, आता यायची गरज नाही, वाटलं तर ये. एवढंच घडलं. मुलगी एकदम खेळकर वगैरे झाली नाही. झोपायला लागली.

बाईंच्या पत्राची चौकशी झाली, तेव्हा साहेबांनी त्यांना समज देऊन प्रकरण मिटवलं. समज लेखी होती. बाईंनी ती वाचली आणि पोच दिली. मग पुढच्या वर्षाचा फॉर्म आखायला घेतला.

मुलांच्या फॉर्मसोबत जिल्ह्याने भरायचा एक गोषवारा असतो : मर्यादेच्या वरच्या मुलांचे क्रमांक, वय, गुण, शाळा. त्यात बाईंनी उजवीकडे आणखी एक रकाना आखला. शीर्षक दिलं, 'पुढे काय झालं'. साहेबांनी मुद्रणप्रतीवर नेहमीप्रमाणे घाईत सही केली. घाईत केली की बघून केली, हे मला आजही सांगता येणार नाही. गोषवारा त्या वर्षी योजनेत असलेल्या सात जिल्ह्यांत गेला आणि भरून आला. नवा रकाना कोराच होता. पानामागून पान, वरपासून खालपर्यंत कोरा.

पण सरकारी कागदावर कोरा रकाना कुणाच्या तरी डोळ्यांवर येतोच. लेखापरीक्षकांनी शेरा मारला : 'सहा हजार दोनशे नोंदींपुढे माहिती भरलेली नाही. खुलासा करावा.' तो शेरा विधिमंडळाच्या समितीसमोर गेला. समितीने खात्याच्या सचिवांना विचारलं, सचिवांनी संचालकांना आणि संचालकांनी आमच्या साहेबांना. साहेब वरून खाली आले ते थेट बाईंच्या टेबलापाशी.

"बाई, हा रकाना कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही. कागदावर जागा शिल्लक होती."

"माझी सही आहे त्याच्यावर."

"हो, आहे ना."

मला वाटलं आता स्फोट होणार. साहेबांनी समोरची खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "खुलाशात काय लिहायचं ते सांगा मग." बाईंनी लिहून दिलं. पुढे काही झालं नाही म्हणून रकाना कोरा आहे. व्हावं असं वाटत असेल तर माणसं लागतील. साहेबांनी भाषा सरकारी केली, मजकूर तोच ठेवला. या एका गोष्टीसाठी मी साहेबांना मानतो.

त्यानंतर जे झालं ते खात्याच्या चालीने झालं. इस्पितळातली रिकामी जागा भरली गेली आणि आणखी दोन मंजूर झाल्या. कक्ष आठवड्यातून पाच दिवस उघडायला लागला. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाला दहा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. त्यातले सहाच दिवस झाले, तेही निम्म्या शाळांत. तिसऱ्या वर्षी रकाना भरून आला. पहिल्या ओळीत 'समुपदेशन केले' आणि खाली तीनशे ओळी एकच शब्द, 'वरीलप्रमाणे'. बाई बराच वेळ त्या पानांकडे बघत बसल्या. संध्याकाळी त्यांनी शीर्षक बदललं : 'कोण भेटलं, कधी, पुन्हा कधी भेटणार'. आणि रकाना तीन बोटं रुंद केला. चौथ्या वर्षी खोट्या नोंदी संपल्या नाहीत, कमी झाल्या. तारीख खोटी लिहायला माणूस जरा कचरतो. नंबर लागायला चौदा महिन्यांऐवजी पाच महिने लागू लागले. डॉक्टरीणबाईंच्या मते पाचही फारच, पण त्या आता समितीत जास्त बोलायच्या आणि इतिवृत्तात ते येतं की नाही हे बघायच्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कचेरीने छोटा समारंभ केला. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी भाषणात त्यांचा उल्लेख दोनदा रकानेबाई असाच केला आणि कुणी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या जागी दुसरं माणूस आलं नाही. आखणीचं काम माझ्याकडे आलं. मी ते करतो, त्यांच्याइतकं चांगलं नाही.

महिन्याभरातच बाई घरी बसून कंटाळल्या. बहीण म्हणाली, "आता तरी स्वस्थ बस." त्यांनी होकार दिला आणि मंगळवारी इस्पितळात गेल्या. कक्षाच्या बाहेर आईबापांना भरायला कागद देतात. अर्ध्यांना तो कळत नाही, उरलेल्यांना लाज वाटते. बाई शेजारी बसून तो भरून द्यायच्या. कुणी नेमलं नव्हतं, मानधन नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एक खुर्ची दिली होती, तीही ठेंगणी, त्यामुळे बाईंचे गुडघे हनुवटीला लागायचे.

मागच्या वर्षी डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरात गेल्या आणि त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. पहिल्याच दिवशी ते बाहेर डोकावले आणि बाईंना म्हणाले, "आजी, तुमचं मूल कुठलं?"

"माझं कुणी नाही," बाई म्हणाल्या. "मी कागद भरून देते."

डॉक्टरांनी बाहेरची रांग बघितली. अकरा जण होते. "भरा मग," असं म्हणून ते आत गेले. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढच्या बाईला जवळ बसायला सांगितलं.